मोठ्याने वाचायची पुस्तकं

विनोदी पुस्तक चारचौघांत, मोठ्याने वाचायचं असतं हे मला आपल्या शाळेत कळलं. तसं आमच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं, वडील वाचणारे होते. पण वाचन ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात बसून करायचं, अशी पद्धत. आरामखुर्चीतून मध्येच वडिलांचं हसू ऐकू यायचं. 'काय झालं बाबा?' म्हणून विचारलं की 'वाचशील तेव्हा कळेल' एवढंच उत्तर. शाळेत मात्र कोणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला आमच्या मराठीच्या बाई यायच्या. हातात खाकी कव्हर घातलेलं पुस्तक असायचं आणि थोड्याच वेळात सगळा वर्ग एकदम हसायचा. शेजारच्या वर्गावरचे सर दारातून डोकावून जायचे. कधी कधी डोकावता डोकावता तिथेच थांबायचे.

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शाळेचे निकाल, स्नेहसंमेलनं, खेळाची मैदानं यांवर लिहिणारे पुष्कळ असतील, आणि त्यांनी लिहायलाच हवं. मला त्या ऑफ तासांवर लिहायचं आहे. वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती. आज मी जे काही वाचते आणि ज्या रीतीने वाचते, ते सगळं तिथून आलं.

बाईंनी सुरुवात केली ती चिं. वि. जोशींच्या चिमणरावापासून. दूरदर्शनच्या मालिकेमुळे दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ तेव्हा घराघरांत पोचलेले होते. त्यामुळे पाहिलेलंच आता ऐकायचं, असं आम्हाला वाटलं. पण पुस्तकातल्या चिमणरावाची गंमत निराळी निघाली. तो आपली हकिगत आपणच सांगतो आणि अतिशय गंभीरपणे सांगतो. आपलं काही हसण्यासारखं होतंय अशी शंकासुद्धा त्याच्या मनाला शिवत नाही. बाई वाचायच्याही तशाच. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. एकदा वर्गातल्या एका मुलाने 'मी वाचतो' म्हणून पुस्तक मागून घेतलं आणि हसत हसत वाचलं. त्याच्याखेरीज कोणीच हसलं नाही. बाई त्याला म्हणाल्या, "अरे, तू चिमणरावाच्या वाटचं हसलास. त्याला कुठे हसू येतंय? तो बिचारा खरं तेच सांगतोय." मग त्याच मुलाने तोच उतारा सरळ चेहऱ्याने पुन्हा वाचला आणि आम्ही बाकांवर डोकी टेकून हसलो.

वाचणाऱ्याने कुठे थांबायचं, कुठला शब्द हलकेच सोडून द्यायचा आणि पुढचं वाक्य किती उशिरा सुरू करायचं, याचं ते शिक्षणच होतं. गंभीर मजकूर थोडा वाईट वाचला तरी निभावतो. विनोदी मजकुरात एक स्वल्पविराम चुकला की हसू जातं, आणि गेलेलं हसू समजावून सांगून परत येत नाही. म्हणून विनोदी लेखनाला 'हलकंफुलकं' म्हणून बाजूला काढणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ सालचं. ते लिहिणारा माणूस बडोद्याला पाली भाषेचा प्राध्यापक होता, बौद्ध साहित्याचा अभ्यासक होता. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गाला नवल वाटलं होतं. आज मला त्यात नवल वाटत नाही. आयुष्यभर शब्द तोलून मापून वापरणाऱ्या माणसालाच असं सहज वाटणारं वाक्य सापडतं.

माझ्या आठवणीतला सगळ्यात भरगच्च तास 'आम्ही कोण?'चा. वृत्तांचा धडा चालू होता आणि 'म स ज स त त ग' हे गण पाठ करताना आम्ही कंटाळून गेलो होतो. बाईंनी फळ्याच्या डाव्या बाजूला केशवसुतांची 'आम्ही कोण?' ही कविता लिहिली आणि उजव्या बाजूला त्याच नावाची आचार्य अत्र्यांची. अत्रे कविता लिहायचे ते 'केशवकुमार' या नावाने. 'झेंडूची फुले' हा त्यांचा विडंबनांचा संग्रह १९२५ चा. दोन्ही कविता शार्दूलविक्रीडितात. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे म्हणताना घ्यायचा थांबा. "मंगलाष्टकं कुठल्या चालीत म्हणतात?" बाईंनी विचारलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून आधी केशवसुत मंगलाष्टकांच्या चालीत म्हटले, मग अत्रे.

केशवसुतांची कविता कवीची थोरवी सांगणारी, ताठ मानेची. अत्र्यांनी वृत्त तेच ठेवलं, थाट तोच ठेवला आणि त्या थाटात दुसऱ्यांच्या साहित्यातून चोरून भाषांतरं करणाऱ्या कवींना बोलायला लावलं. वृत्त भारदस्त आणि सांगणं असं, या दोहोंची टक्कर झाली की हसू फुटतं, हे आम्हाला बाईंनी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणतानाच ते कळत होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की मूळ कविता ज्याला ठाऊक नाही त्याला विडंबनाची अर्धीच मजा मिळते. झालं! दुसऱ्या दिवसापासून वर्गातली मुलं आपण होऊन जुन्या कविता शोधायला लागली, कारण 'झेंडूची फुले' पूर्ण कळायला हवी होती. परीक्षेसाठी म्हणून कोणी सांगितलं असतं तर आम्ही केशवसुतांची एक कविता वाचली असती. अत्र्यांसाठी आम्ही कितीतरी कवी वाचून काढले. शार्दूलविक्रीडित मी आजही झोपेतसुद्धा ओळखीन.

अत्रे गडकऱ्यांना गुरू मानत, आणि गडकरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. ही परंपरा बाईंनी उलटीकडून, म्हणजे अत्र्यांपासून मागे जात दाखवली. आम्हा ठाण्याच्या मुलांना गडकरी म्हणजे रंगायतन. १९७८ मध्ये तलावपाळीला ते उभं राहिलं, आम्ही येता-जाता बघायचो, नाटकाच्या जाहिराती वाचायचो. पण त्या नावाचा माणूस कोण, हे वर्गात फारसं कुणाला माहीत नव्हतं. 'गोविंदाग्रज' नावाने कविता, 'बाळकराम' नावाने विनोदी लेख आणि स्वतःच्या नावाने नाटकं लिहून तो चौतिशी पूर्ण होण्याआधीच गेला, हे बाईंकडून ऐकलं. 'एकच प्याला' हे त्यांचं नाटक रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. त्यातल्या तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश बाईंनी वाचला तेव्हा वर्ग खूप हसला, आणि पुढच्या तासाला दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेल्या सिंधूचा प्रवेश वाचला तेव्हा त्याच वर्गात कोणी हललं नाही. दोन्ही एकाच लेखणीतून आलेलं. हसवणाऱ्याला रडवताही येतं, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

बाळकरामाचे लेख मी पुढे स्वतः वाचले. एक गोष्ट इथे सांगायला हवी. ठकीच्या लग्नाच्या प्रकरणात मुलीच्या रूपावर जी थट्टा आहे ती मला आता खटकते, आणि माझ्या भाचीला वाचून दाखवली तेव्हा तीही हसली नाही. तिचं बरोबरच आहे. पण त्याच लेखनात लग्न जुळवण्याच्या बाजाराची, त्यातल्या सौदेबाजीची जी खिल्ली उडवली आहे, त्यावर ती पोट धरून हसली. शंभर वर्षांपूर्वीच्या विनोदातलं काय टिकलं आणि काय गळून पडलं, हे नव्या वाचकाच्या चेहऱ्याकडे बघितलं की लगेच समजतं. दुसरी कुठलीही परीक्षा इतकी चोख नाही.

शाळेचं कपाट वाचून झालं तेव्हा बाईंनीच मराठी ग्रंथ संग्रहालयाचा रस्ता दाखवला. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यात सुरू झालेली ही संस्था मराठी पुस्तकांसाठी म्हणून उभी राहिली, याचा मला ठाणेकर म्हणून मनापासून अभिमान आहे. बाबांच्या वर्गणीवर मी पुस्तकं आणायची. तिथे एक गोष्ट लक्षात आली. विनोदी पुस्तकांची बांधणी सगळ्यात आधी सुटते. पुठ्ठा बदललेला, कडा कापलेल्या, पानं दोऱ्याने पुन्हा ओवलेली, आणि ठरावीक पानं इतरांपेक्षा जास्त मळलेली. माझ्याआधी किती जण त्याच जागी थांबून हसले असतील, याचा तो पुरावाच होता. एका पुस्तकात कुणीतरी समासात पेन्सिलीने 'आईला वाचून दाखवणे' असं लिहून ठेवलं होतं. लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये हे खरं, पण ती ओळ खोडावीशी मला वाटली नाही.

दिवाळी अंकांचं सुख वेगळं. १९५१ मध्ये मधुकर पाटकरांनी सुरू केलेला 'आवाज' आमच्या घरी मोठ्यांच्या कपाटात असायचा. 'मोहिनी' मात्र आम्हाला मोकळेपणाने मिळे, आणि शि. द. फडणिसांचं मुखपृष्ठ आम्ही भावंडं जमिनीवर अंक ठेवून, गोल करून बघायचो. चित्राखाली एक शब्दही नसे. ज्याला आधी गंमत दिसायची त्याने इतरांना सांगायचं नाही, असा आमचा करार होता. एकेक जण हसायला लागायचा. सगळ्यात शेवटी हसणाऱ्याचा आनंद मोठा, असं माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत होतं.

पुढे नोकरी लागली आणि ठाणे ते मुंबई असा लोकलचा प्रवास रोजचा झाला. मी पुस्तक वाचत जायची. मोठ्याने वाचणं तिथे शक्य नव्हतं, पण विनोदी पुस्तक गाडीतसुद्धा एकट्याचं राहत नाही. एकदा मी पु. ल. देशपांड्यांचं 'असा मी असामी' वाचत होते आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला होता. समोर बसलेल्या काकूंनी विचारलं, "कुठपर्यंत आलात?" मी सांगितलं. "मग अजून पुढचं राहिलंय," त्या म्हणाल्या आणि पुढचं आठवून त्याच हसायला लागल्या. शेजारच्या दोघीजणी आमच्याकडे बघून हसल्या, काय वाचतोय हे माहीत नसताना. त्या काकूंचं नाव मला माहीत नाही. पण नंतर त्या अनेकदा भेटल्या आणि दर वेळी आमचं बोलणं पुस्तकावरूनच सुरू झालं.

पु. लं.बद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडंच लिहिते. 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. आमच्या वर्गातली निम्मी मुलं नौपाडा, चरई, जांभळी नाका इथल्या चाळींत आणि वाड्यांत वाढलेली. बाई वाचू लागल्या की एकेका पात्राला मुलं आपापल्या शेजाऱ्याचं नाव द्यायची. आणि त्यानंतर खरोखरच, ज्या शेजाऱ्यांचा आम्हाला राग यायचा त्यांच्याबद्दल थोडी माया वाटू लागली. चांगला विनोद माणसाला हसतो पण त्याला घराबाहेर काढत नाही. त्या पुस्तकातलं शेवटचं 'एक चिंतन' तेव्हा आम्हाला लांबट वाटलं होतं. आता त्या वाड्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि तेच प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा वाचते.

बाबांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना काही दिवस वाचायला मनाई होती. मी त्यांना द. मा. मिरासदारांच्या कथा वाचून दाखवू लागले. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी मिळून केलेलं कथाकथन बाबांनी प्रत्यक्ष ऐकलेलं होतं, त्यामुळे ते कसून परीक्षा घेत. "घाई करू नकोस. मिरासदार इथे थांबायचे," असं म्हणून ते स्वतः पुढचं वाक्य म्हणून दाखवत. 'भुताचा जन्म' वाचताना तर आम्ही दोघं आळीपाळीने वाचत होतो, त्यांचं सगळं तोंडपाठ. आयुष्यभर 'वाचशील तेव्हा कळेल' म्हणणारे बाबा त्या दिवसांत मला, आईला, ड्रॉप घालायला आलेल्या नर्सबाईंना, सगळ्यांना गोष्टी ऐकवत होते. पट्टी निघाल्यावरही ती सवय राहिली. संध्याकाळी चहा झाला की 'आण गं पुस्तक' अशी हाक यायची.

शाळेचं नवं ग्रंथालय होणार आहे असं समजलं, म्हणून समितीपुढे काही मागण्या ठेवते. विनोदी पुस्तकं वरच्या कप्प्यात, कुलपात ठेवू नका. मुलांच्या हाताला येतील अशी खाली ठेवा. प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती घ्या, कारण ती फाटणार, आणि ती फाटलीच पाहिजेत. आणि ऑफ तासाला कोणीतरी वर्गावर जाऊन मोठ्याने वाचावं. शिक्षकांना वेळ नसेल तर आम्ही माजी विद्यार्थी आहोत. मी ठाण्यातच राहते, निवृत्त झाले आहे आणि शनिवारी सकाळी कधीही येऊ शकते. सुरुवात मिरासदारांपासून करू या. त्यांची वाक्यं छोटी असतात, गावाकडची माणसं पहिल्या परिच्छेदातच डोळ्यांसमोर उभी राहतात आणि सातवी-आठवीच्या मुलांना कुठेही अडायला होत नाही. दोन आठवड्यांनी पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं आणि आपण मागच्या बाकावर जाऊन ऐकायचं.