फोनमधली यादी आणि आजींची कोंबडी

गेल्या श्रावणातली गोष्ट. कोपरखैरण्याच्या माझ्या दवाखान्यात एरवी कुत्री-मांजरंच येतात. त्या सकाळी घणसोली गावातल्या एक आजी बाजाराच्या पिशवीतून गावठी कोंबडी घेऊन आल्या. मान तेवढी बाहेर, डोळे मिटलेले.

"विषारी झाड खाल्लंय हिनं. पोरगा म्हणतो."

पोरानं पाठवलेली यादी त्यांनी फोनवर दाखवली. कोंबड्यांना घातक असलेली बागेतली झाडं, सगळी नावं इंग्रजीत. कुठलं नाव कशाचं हे कळेना, म्हणून त्यानं टोमॅटो उपटला, अळू उपटलं आणि शंका नको म्हणून जास्वंदही काढली. जास्वंदीचा राग आजींच्या मनातून गेला नव्हता. गणपती तोंडावर, फुलं कुठून आणायची?

"आणि दारात काय राहिलं?"

"कण्हेर. महादेवाला लागते ना."

मला हसावं की रडावं कळेना. यादीत पहिलंच नाव 'ओलिअँडर' होतं. म्हणजे आपली कण्हेर! तिच्या पानापासून मुळापर्यंत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, वाळलेल्या पानांतसुद्धा. जास्वंद बिचारी निरुपद्रवी.

पण कोंबडीनं कण्हेर खाल्ली नव्हती. गळ्याखाली हात लावला तर अन्नाची पिशवी लिंबापेक्षा मोठी, घट्ट, मळलेल्या कणकेसारखी. रात्रभर उपाशी राहिल्यावर ती सकाळी रिकामी हवी. चोचीला आंबूस वास. खोदून विचारल्यावर कळलं, आठवडाभर कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या. झाडं खाऊ नयेत म्हणून! आणि उपाशी नकोत म्हणून पोरगा रोज विळ्यानं गवत कापून मुठी-मुठीनं आत टाकत होता.

मोकळी कोंबडी उभ्या गवताचा शेंडा तोडते, इवलासा. कापलेलं लांब गवत ती अख्खं गिळते आणि ते आत गुंतून बसतं. शिवाय खुराड्याची जमीन फरशीची. दात नसलेल्या प्राण्याला दळायला खडे लागतात, ते तिथं कुठून मिळणार?

तेल पाजून, चोळून पाहिलं. गोळा हलेना. मग पिसं उपटली, जागा बधिर केली आणि दोन बोटांएवढी चीर घेतली. चिमट्यानं ओढत गेलो तशी हिरवी-काळी दोरी निघत राहिली, मध्ये प्लास्टिकच्या सुतळीचा एक तुकडा. आजी खुर्ची ओढून पुढे बसलेल्या, जरा म्हणून तोंड फिरवलं नाही. पिशवीला वेगळे टाके, वर कातडीला वेगळे. संध्याकाळपर्यंत ती पाणी प्यायली.

झाडांचं विचारलं तेव्हा सांगितलं: शेवग्याचा पाला, कोथिंबीर बिनधास्त द्या. पालक, घोळ अधूनमधून, रोज दिली तर अंड्याचं कवच पातळ होऊ शकतं. पिकलेला टोमॅटो चालेल, त्याचा पाला नको. बटाट्याची हिरवी सालं नकोत. एरंड आणि गुंजेच्या बिया जवळसुद्धा नकोत. कण्हेर कडू, फिरत्या कोंबड्या सहसा तोंड लावत नाहीत. छाटलेल्या फांद्या मात्र अंगणात टाकू नका.

"जास्वंदीची फांदी लावली तर गणपतीपर्यंत फुलेल?"

"यंदा नाही."

निघताना आजींनी तो गवताचा गोळा वेगळ्या पिशवीत बांधून मागितला. पोराला दाखवायला.