दिसत नाही, पण स्टिक जड होते

आम्ही गेम खेळण्याचा पगार घेतो असं नातेवाइकांना वाटतं. एकाच भिंतीवर पात्राला दिवसभर वेगवेगळ्या कोनांतून आपटवणं हेही त्यात येतं, हे सांगितल्यापासून कुणी स्वतःच्या मुलासाठी चौकशी करत नाही. पुण्यातल्या आमच्या टेस्टिंग कंपनीचं आणि त्या गेमचं नाव करारामुळे लिहिता येत नाही. परग्रहावरचा शूटर, चार विरुद्ध चार, पीसी आणि कन्सोलवाले एकाच सामन्यात, एवढं पुरे.

त्या दिवशी नव्या बिल्डमध्ये, म्हणजे तपासायला आलेल्या ताज्या आवृत्तीत, क्लोक आला होता. बटण दाबलं की काही सेकंद तुम्ही दिसेनासे होता, हवेत नुसती थरथर राहते. बिल्ड उतरवण्यात सकाळ गेली (रोजचंच). दुपारी बसलो, एका बाजूला माउस, दुसऱ्या बाजूला कंट्रोलर. कंट्रोलरवर आमच्याकडे नुकताच लागलेला साताऱ्याचा एक पोरगा होता, आणि तो अदृश्य झालेली माणसं एकामागून एक पाडायला लागला.

"ए, हा आमच्या स्क्रीनमध्ये बघतोय!" एका खोलीत खेळताना पहिला आरोप हाच होतो. आमच्या टीमच्या लीडने मॉनिटरच्या खोक्यांचे पुठ्ठे मध्ये उभे केले. पोरगा मारतोच आहे. मग "नशीब आहे त्याचं" सुरू झालं. काहीतरी विचित्र दिसलं तर ते शोधायचा पगार घेणारे आम्ही, पण नवा माणूस असला की आधी त्याच्यावरच संशय. हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

मी विचारलं, "तुला दिसतो का रे तो?"

"नाही ताई. दिसत नाही, पण त्याच्यावरून फिरवताना स्टिक जड होते."

स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची दांडी, अर्थातच जड होत नाही. अंगठ्याने नेम धरणं माउसच्या मानाने फार ढोबळ, म्हणून कन्सोलवर खेळ स्वतःच हात देतो. त्याला एम असिस्ट म्हणतात. निशाण शत्रूवरून सरकताना त्याचा वेग कमी होतो. शत्रू हलला की निशाण थोडं त्याच्याबरोबर वळतं. काही खेळांत तर जवळून गेलेली गोळीही लागली असं धरतात. डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, या मदतीला तेवढाही लागत नाही. पीसीवाले यावरूनच भांडतात, आणि ते भांडण जुनं आहे. २००७ साली 'शॅडोरन'ने एक्सबॉक्स ३६० आणि विंडोज व्हिस्टावाल्यांना एकाच मैदानात सोडलं. 'एपेक्स लेजंड्स'मध्ये ही मदत कन्सोलवर ०.६ आणि पीसीला जोडलेल्या कंट्रोलरवर ०.४ असायची, त्या दोन आकड्यांवर लोकांनी वर्षानुवर्षं शिव्या खर्च केल्या. २०२१च्या नोव्हेंबरात 'हेलो इन्फिनिट'चं मल्टिप्लेअर फुकट आलं, तेव्हा रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या, खेळात एकट्या-दुकट्यांसाठी कंट्रोलरची रांग वेगळी आणि माउसची वेगळी होती. मला तर ती कबुलीच वाटली.

पण "जड होते" असं टिकेटमध्ये, म्हणजे बगच्या नोंदीत, लिहिलं तर ते परदेशातल्या गेम बनवणाऱ्यांकडून संध्याकाळपर्यंत परत येतं. आकडा लागतो. मग मोकळं मैदान घेतलं, समोर एक बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेलं पात्र, उभा केला. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकला रबर बँड अडकवून ती एका बाजूला ताणून बांधली, की पात्र जागच्या जागी गरगर फिरत राहतं आणि कुणाच्या अंगठ्याचा प्रश्नच उरत नाही. ते सेकंदाला ६० फ्रेमने रेकॉर्ड केलं आणि एका फेरीला किती फ्रेम लागतात ते मोजत बसले. बॉट नसताना सगळ्या फेऱ्या सारख्या. बॉट उघडा उभा असताना त्याच्यासमोर वेग पडतो, फ्रेम वाढतात, तसं व्हायलाच हवं. मग बॉटला क्लोक दिला. पडद्यावर रिकामी भिंत, आणि फ्रेम तेवढ्याच जास्त! माणूस लपवणारा कोड वेगळा, नेमाला मदत करणारा वेगळा, आणि पहिल्याने दुसऱ्याला काही कळवलंच नव्हतं. त्या टिकेटचा मला अजून अभिमान आहे. व्हिडिओ, तक्ता, रबर बँडचा फोटो, सगळं जोडलं होतं.

तक्ता पुरा करायचा म्हणून तोच बॉट पीसीवर बघितला. ग्राफिक्स सगळे 'लो'वर आणले, कारण जिंकायला बसणारे तसेच खेळतात. तिथे थरथर स्वस्तात काढलेली. क्लोक घेतलेला बॉट भिंतीवर पुसट राखाडी डागासारखा चक्क दिसत होता. कन्सोलवर ही सोय नाही, जे चित्र दिलंय तेच. आणि दुपारी 'लो'वर कोण बसले होते? पुठ्ठे लावायला लावणारे दोघं. एकाला विचारलं तर म्हणाला, "ते चीटिंग नाही, सेटिंग आहे."

दोन टिकेटं गेली. पहिलं लगेच दुरुस्त झालं, अदृश्य शत्रूवर एम असिस्ट बंद. दुसरं 'ॲज डिझाइन्ड', म्हणजे 'मुद्दाम असंच केलंय', म्हणून परत आलं. पुढच्या प्लेटेस्टला कन्सोलवाल्यांची अशी धुलाई झाली की साताऱ्याच्या पोराने क्लोक दिसला की पळायचं धोरण घेतलं. पळायला तरी तो दिसला पाहिजे. समोरच्यांना मात्र राखाडी डाग दिसतच होता. रिपोर्ट बिनचूक होता, बग खराच होता, आणि तो गेल्यावर खेळ आधीपेक्षा एकतर्फी झाला. दोन्ही बाजूंना अदृश्य माणूस सापडत होता, एकांना हाताने, दुसऱ्यांना डोळ्यांनी. आमच्या फॉर्मात 'प्लॅटफॉर्म' असा रकाना आहे. पीसी तपासला, कन्सोल तपासला, टिक. दोन्ही समोरासमोर ठेवून काय दिसलं ते लिहायला रकाना नाही.

लीडचं म्हणणं, 'लो'वर लोक खेळणारच, त्याला आपण काय करणार. मी म्हटलं, मग कन्सोललाही 'लो' द्या, किंवा थरथर सगळ्या सेटिंगवर एकसारखी काढा. यावर तो म्हणाला, "ते ठरवणं आपलं काम नाही. आपण नोंदवायचं." म्हणून दुसरं टिकेट दोन्हीकडची चित्रं शेजारी-शेजारी लावून पुन्हा उघडलंय. प्राधान्याच्या जागी मी 'तातडीचं' लिहिलं होतं, तिकडून कुणीतरी ते 'कमी' करून ठेवलंय.