वॉलपेपर न काढता रंगवलेली भिंत

हॉलमधला वॉलपेपर आम्ही २०१२ साली लावला होता. मातकट रंगावर मोठमोठी तपकिरी पानं. तेव्हा फार आवडला होता, पण गेली दोन-तीन वर्षं त्या भिंतीमुळे अख्खा हॉल काळोखा वाटायचा. सासऱ्यांची नजर अधू होत चाललीय आणि त्यांचा दिवसाचा बहुतेक वेळ त्याच भिंतीपाशी, खुर्चीत पेपर वाचण्यात जातो. भिंत फिकट करायचं ठरवण्यामागचं खरं कारण तेच.

दसऱ्याच्या आधी पेंटर मिळणं अवघड. जे आले त्यातले दोघं म्हणाले, "ताई, सगळा कागद खरवडून काढू, पुट्टी नव्यानं भरू, मग रंग." मी सोफ्यामागचा एक कोपरा सोडवून पाहिला, तर कागदाबरोबर खालची पुट्टीही तळहाताएवढी सुटून आली. वॉलपेपर लावताना खाली प्रायमर मारलाच नव्हता. म्हणजे कागद काढायचा तर भिंत पार गिलाव्यापर्यंत उघडी पडणार, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, आणि घरभर पांढरी धूळ. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे तो पर्याय मी तिथेच सोडला. भावाला बोलावलं आणि कागदावरच रंग द्यायचं ठरवलं.

पण आधी तो कागद रंग पेलेल का, हे बघायला हवं होतं. ओला स्पंज फिरवला. पाण्याचे थेंब वर राहिले तर प्लास्टिकचा थर असलेला व्हिनाइल, पाणी शोषलं तर साधा कागद. आमचा साधा निघाला. मग पूर्ण भिंतीवरून तळहात दाबत फिरवला. जिथे कुरकुर आवाज आला तिथे खडूनं खूण केली. अशा सहा जागा निघाल्या, बाकी सगळा कागद घट्ट होता.

दुकानदारानं नेहमीचा, पाण्यात कालवायचा प्रायमर दिला होता. तो भिंतभर मारण्याआधी सोफ्यामागे एक फूट बाय एक फूट जागेवर मारून बघितला, हे फार बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पापड भाजताना येतात तसे फोड आलेले, आणि पानांचा तपकिरी रंग वर उतरलेला. कागद चिकटवायची खळ पाण्यातच विरघळते. वरून पाणी मुरलं की ती मऊ होते, कागद फुगतो, शाईही पाझरते. मग शेजारीच ऑइल प्रायमरचा तसाच चौकोन मारला. दोन दिवसांनी तो जसाच्या तसा होता. माझ्या मते या कामातला सगळा निकाल या एका डब्यावर ठरतो.

ऑइल प्रायमरचा वास मात्र उग्र असतो. कापडी मास्कनं तो अडत नाही, आणि दम्याच्या माणसाला त्या घरात ठेवणं शक्यच नव्हतं. सासऱ्यांना आठवडाभर नणंदेकडे साताऱ्याला पोचवलं. ते निघताना म्हणाले, "माझ्यासाठी एवढा खटाटोप करू नकोस गं." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त पुढच्या रविवारी या." हा प्रायमर पेट घेतो, म्हणून देवघर हॉलमध्येच असूनही ते दोन दिवस दिवा लावला नाही. खिडक्या रात्रंदिवस उघड्या आणि पंखा चालू ठेवला.

भिंत साडेतेरा फूट बाय नऊ, म्हणजे साधारण १२० चौरस फूट. कागदाचा पन्हा ५३ सेंटिमीटर, त्यामुळे आठ पट्टे आणि सात सांधे. खरा वेळ खाल्ला तो या सांध्यांनी. खडूच्या खुणांवर कटरनं बारीक चीर दिली, इंजेक्शनच्या सिरिंजनं आत वॉलपेपरची खळ भरली, वरून कापडानं दाबलं. जिथे दोन पट्टे एकमेकांवर चढले होते, तिथे १८० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला. जोर लावला तर कागदच फाटतो. मग पुसून प्रायमरचा एक हात दिला आणि रात्रभर सुकू दिला.

पुट्टी त्यानंतर. आधी लावली असती तर तिच्यातल्या पाण्यानं सांधे पुन्हा उकलले असते. बादलीत तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पसरून, अगदी पातळ लावली. सुकल्यावर घासली, पुन्हा एक हात लावला, पुन्हा घासली. संध्याकाळी भावानं टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धरला, तर दिवसा सपाट वाटलेले तीन सांधे उठून दिसले. ते परत भरले. पुट्टीच्या जागांवर प्रायमर मारला आणि मग फिकट पिवळसर इमल्शनचे दोन हात. चकाकीचा रंग घेतला नाही. चकाकीत प्रत्येक उंचवटा दिसतो, मॅटमध्ये पुष्कळ झाकला जातो.

बेडरूमची गोष्ट वेगळी. तिथेही एका भिंतीवर वॉलपेपर होता, आणि हॉल इतका छान झाल्यावर उरलेला प्रायमर तिकडेच वापरू असं भाऊ म्हणाला. ती भिंत पश्चिमेची, बाहेरची, पावसाचा मारा थेट झेलणारी. कागद व्हिनाइल. हात लावला तर गार लागला, खालच्या बाजूला कुबट वास. मेन स्विच बंद केला आणि एक पट्टा वरून धरून ओढला. प्लास्टिकचा थर एका दमात सोलून आला आणि मागच्या कागदावर काळी बुरशी दिसली, पलंगाच्या उशाशी, जिथे आम्ही रोज झोपतो.

वरून रंग दिला असता तर ती ओल आणखी एका थराखाली कोंडली असती. तो कागद आम्ही सगळा काढला. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून भिंत भिजवायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुट्टीच्या पट्टीनं अलगद खरवडायचं. खळीचा चिकटपणा जाईपर्यंत तीनदा धुतलं. बुरशीवर पाण्यात मिसळलेलं ब्लीच लावलं, हातमोजे घालून. ब्लीच वापरताना दुसरं कुठलंही क्लीनर जवळ आणायचं नाही, विषारी वायू तयार होतो.

बाहेरून खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली गेलेली चीर आहे. सोसायटीला लेखी कळवलंय, दोनदा. ती बुजेपर्यंत आतली भिंत रंगवणार नाही. पलंग दुसऱ्या बाजूला सरकवलाय. भिंतीवर प्लास्टिकचा एक चौकोन चारही कडांना टेप लावून बसवलाय आणि भिंतीतून अजून ओल येते का, ते दर दोन दिवसांनी बघते. आज सकाळीही त्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब होते.