आत्ता काय लावलंयस?

आमचा सहा जणांचा एक छोटासा ग्रुप आहे, त्यावर रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला कुणीतरी एक मेसेज टाकतं, "आत्ता काय लावलंय?" बस, एवढंच. गुड नाईट नाही, जोक नाही, फॉरवर्ड तर नाहीच नाही. मग आपापल्या घरातून एकेकाची उत्तरं येतात, कुणी नुसतं नाव टाकतं, कुणी लिंक, कुणी फिरत्या रेकॉर्डचा फोटो. आणि खरं सांगू का, यातली निम्मी उत्तरं खोटी असतात. अगदी खोटी म्हणजे, केसांवरून जरा कंगवा फिरवून मग दार उघडावं ना, तशी.

मीच एकदा पकडली गेले. त्या दिवशी मी कपाट आवरत होते आणि एक अत्यंत फालतू धांगडधिंगा गाणं लूपवर लावलं होतं, सातव्यांदा चालू होतं ते, मेसेज आला आणि मी काय लिहावं, तर "मारवा". पाचव्या सेकंदाला उत्तर आलं, "मारवा? रात्री दहाला?" आता मारवा हा सूर्य मावळतानाचा राग, हे मला काय माहीत नव्हतं का, पण खोटं बोलताना घड्याळ कोण बघतं. बागेश्री लिहिलं असतं तर पचलं असतं. त्यानंतर बरेच दिवस मी काहीही टाकलं की कुणीतरी सूर्यास्ताची वेळ पाठवायचं.

पण मग मी विचार करायला लागले की असं वाटतं तरी का. जेवायला काय केलंय विचारलं तर आपण सरळ सांगतो, कुठलं पुस्तक वाचतेयस म्हटलं तर थोडं सावरून सांगतो, आणि काय ऐकतेयस म्हटलं की एकदम कुणीतरी न सांगता घरात शिरल्यासारखं होतं. घरात एकट्याने ऐकताना आपण फार मोकळे असतो. तीच ओळ पुन्हा मागे नेतो, तोंड वेडंवाकडं करून तान मारतो, मधेच कंटाळून बंद करतो. मैफलीत बंद करता येत नाही, शेजारच्याकडे बघून मान हलवावी लागते.

असो. ग्रुपमधले नग सांगते. एक आहे रेकॉर्डवाला. त्याच्याकडे जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्याही आहेत, ज्यांच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. तो त्याच रेकॉर्ड करून पाठवतो आणि त्या मात्र आम्ही सगळे शेवटपर्यंत ऐकतो. याचं कारण आम्ही फार रसिक आहोत असं नाही, तीन मिनिटं कुणाकडेही असतात. लिंक टाकायला दोन सेकंद लागतात, पण समोरच्याने पाठवलेल्या पन्नास मिनिटांच्या विलंबित ख्यालाला पन्नास मिनिटंच द्यावी लागतात, त्याला शॉर्टकट नाही. मग आपण काय करतो, चार मिनिटं ऐकतो आणि "वा, काय सूर लागलाय" असं लिहून मोकळे होतो. त्या तबकड्यांवर लोकांनी अख्खा राग तीन मिनिटांत बसवलाय, आलापाला जागा नाही, थेट बंदिश, दोन ताना आणि संपलं, आणि तरी राग पूर्ण उभा राहतो. १९०२ मध्ये गायिका गौहर जाननी आपली पहिली ध्वनिमुद्रणं केली ती याच तबकड्यांच्या काळातली. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या, 'माय नेम इज गौहर जान', कारण तबकड्या तयार व्हायच्या लांब जर्मनीत आणि तिथल्या लोकांना लेबलावर नाव कुणाचं घालायचं ते कळायला हवं, असं सांगतात. रेकॉर्डवाल्याने ते पहिल्यांदा पाठवलं तेव्हा मी गाणं एकदा ऐकलं आणि ते नाव सांगणं चार वेळा. केवढा ठसका आहे त्यात!

दुसरी एक मैत्रीण आहे ती महिनाभर एकच गाणं ऐकते. एकच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तेच." आम्ही तिला हसायचो, मग मला एमपीथ्रीवाल्या ब्रांडेनबुर्गची गोष्ट कळली. हे एमपीथ्री बनवणारे जर्मन लोक आवाजातलं नेमकं काय काढून टाकलं तर कानाला कळणार नाही हे शोधत होते आणि त्यासाठी कार्लहाइंझ ब्रांडेनबुर्गने सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' वापरलं, कारण त्यात नुसता गळा आहे, मागे एकही वाद्य नाही, लपायला जागाच नाही. सुरुवातीला तिचा आवाज भयंकर यायचा म्हणे. मग दुरुस्त कर, पुन्हा ऐक, दुरुस्त कर, पुन्हा ऐक, असं करत त्याने ते गाणं शेकडो वेळा ऐकलं. हे मी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मीपण दुरुस्तच करतेय काहीतरी." त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही, तिचे ते महिने जरा अवघडच चालले होते.

आता खरी गंमत सांगते जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. एका शनिवारी ठरलं की सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी एकच अल्बम लावायचा. फोन चालू ठेवायचा, एक-दोन-तीन म्हणायचं आणि लावायचं. काय लावायचं यावर पाऊण तास भांडण, शेवटी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' ठरला, १९५९ चा, कारण तो कुणालाच नको नव्हता (जॅझ न आवडणाऱ्यांनाही तो चालतो, कसा काय कोण जाणे). रेकॉर्डवाल्याकडे त्याची जुनी तबकडी, बाकी आम्ही सगळे फोनवरून स्पीकरला जोडून. लावलं. आणि पाचेक मिनिटांतच काहीतरी गडबड वाटायला लागली, फोनमधून त्याच्याकडचं ऐकू येत होतं ते आमच्या पुढे चाललं होतं. थोडं, पण पुढे. पहिलं संपलं तर याचं आधी संपलं. आमच्यातला एकजण कीबोर्ड घेऊन सोबत वाजवायला बसला होता, तो म्हणाला, "माझं आणि माझ्या स्पीकरचं जुळतंय, याचं चढं लागतंय." झालं, सगळे तुटून पडले त्याच्यावर, तुझं टर्नटेबल पळतंय, मोटर गेली, विकून टाक, वगैरे वगैरे. तो बिचारा आधी गप्प, मग चिडला, मग त्याने साइड पलटली.

आणि दुसरी बाजू बरोबर लागली. सुरात आणि वेगातही.

मग सगळ्यांनी शोधाशोध केली तेव्हा कळलं की चूक ना त्याची ना आमची. तो अल्बम दोन बैठकांमध्ये रेकॉर्ड झालाय, एक मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये. मार्चच्या बैठकीत टेपचं मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की गाणं थोडं वेगात आणि थोडं चढ्या सुरात येणार, आणि त्या बैठकीतली तिन्ही गाणी नेमकी पहिल्या बाजूला. जोडीला दुसरं एक मशीन राखीव म्हणून चालू होतं त्याचा वेग बरोबर होता, पण त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती यायला नव्वदचं दशक उजाडलं. म्हणजे तीसेक वर्षं लोकांनी जीव टाकून ऐकलेली पहिली बाजू मुळात वाजली होती त्यापेक्षा चढी होती! सोबत वाजवायला बसणारे वैतागत असणार की आपलंच वाद्य उतरलंय की काय.

यावर रेकॉर्डवाला काय म्हणाला सांगू? म्हणाला, "मला माझंच बरोबर वाटतं." त्याने ते लहानपणापासून तसंच ऐकलंय. दुरुस्त केलेलं लावलं तर त्याला ते सुस्त वाटतं, झोपेतून उठल्यासारखं. आता याला काय म्हणणार? मला आधी हसू आलं आणि मग जरा हलल्यासारखं झालं, कारण इतकी वर्षं आम्ही दोघं ज्या एका अल्बमबद्दल इतकं बोललो तो दोघांचा वेगळा होता की.

आणि एकदा हे डोक्यात शिरलं की सगळीकडे तेच दिसतं. तबल्याचं वेड असलेल्या एका मित्राने मध्यंतरी एक झपताल पाठवला आणि खाली लिहिलं, "डग्गा ऐक. फक्त डग्गा ऐक." मी रात्री अकराला ऐकला, घरात सगळे झोपलेले म्हणून व्हॉल्यूम अगदी बारीक. डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला तो मोठा, खर्जातला, कुठेय? मला तर नुसतं वरचं ना-ना ऐकू येत होतं, टिचक्या मारल्यासारखं. मी त्याला तसं लिहिलं तर तो दुखावलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी एकटी होते तेव्हा मोठ्याने लावलं आणि डग्गा असा घुमत आला की मी कपडे घडी करायचे थांबले. हा काही भास नव्हे बरं का, कानाचीच खोड आहे, आवाज बारीक केला की खालचे, खर्जातले सूर वरच्यांपेक्षा जास्त दबतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. जुन्या ॲम्प्लिफायरांवर 'लाउडनेस' नावाचं एक बटण असायचं, मला इतकी वर्षं वाटायचं की ते आवाज मोठा करायचं बटण, मग दुसरी एवढी मोठी गोल चकती कशासाठी आहे असं नाही आलं कधी मनात. ते बटण याचसाठी, बारीक आवाजात ऐकताना खालचे सूर उचलून द्यायला. आता मी कुणी काही पाठवलं की आधी विचारते, कशावर ऐकलंस, किती वाजता ऐकलंस, घरात कोण होतं. मित्र म्हणतात तू डॉक्टर झालीयेस.

हेडफोन लावणाऱ्यांचं आणखी वेगळं. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये कधीकधी गाणारा एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात अशी सरळ फाळणी केलेली असते. कॉलेजात आम्ही दोघी मैत्रिणी एकाच हेडफोनची एकेक वायर कानात घालून ऐकायचो, तर एका गाण्याबद्दल आमचं भांडण झालेलं, तिचं म्हणणं यात गिटार भारी आहे, माझं म्हणणं यात गिटारच नाहीये. दोघीही बरोबर होतो.

त्या वायरीवरून आठवलं, १९७९ च्या जुलैत सोनीचा पहिला वॉकमन आला ना, त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती. दोन! अकिओ मोरिता, सोनीच्या संस्थापकांपैकी एक, त्यांना वाटलं एकट्यानेच ऐकत बसणं हे असभ्य दिसेल. आणि एक नारिंगी बटणही होतं, ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि छोट्या माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. म्हणजे गाणं चालू आहे, दोघं ऐकतायत, आणि मधेच बटण दाबून म्हणायचं, आता बघ हं. लोकांनी मात्र एकेकट्यानेच ऐकायचं ठरवलं आणि पुढे कधीतरी ते बटण गेलं, दुसरं भोकही गेलं. मला ते नारिंगी बटण फार आवडतं, मी ते प्रत्यक्ष कधीच पाहिलेलं नाही, तरी.

कारण गाणं तर आता कुणीही पाठवतं. अॅपसुद्धा पाठवतं, दर सोमवारी तीस-तीस गाणी, आणि चांगली असतात बरं, उगाच नावं ठेवायला नकोत, मला त्यातून दोन-तीन गायक सापडलेत. पण त्याने काही पाठवलं तर त्याला राग येईल म्हणून ऐकावं लागत नाही. डग्गा ऐक, फक्त डग्गा ऐक असं तो कधी म्हणत नाही. माझ्या मित्राने म्हटलं म्हणून मी ते दोनदा ऐकलं, नाहीतर रात्रीच सोडून दिलं असतं.

आमच्यात सगळ्यात कमी बोलणारी एक आहे. तिला लिंकबिंक टाकणं जमत नाही, म्हणजे जमतं पण तिला ते परकं वाटतं. ती काय करते, घरातल्या जुन्या स्पीकरवर गाणं चालू असतं तेव्हा फोन हातात धरून व्हॉइस नोट पाठवते. आवाज म्हणाल तर भीषण. ती व्हॉइस नोट बोलण्यासाठी केलेली असते, तंबोरा म्हणजे तिच्या लेखी नुसती खरखर, तो खाऊन टाकते. मागे पंखा गरगरतोय, कुणीतरी दार लावतं, एकदा तर मांजर. आणि या सगळ्यात ती समेच्या, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो त्याच्या, जरा आधी, अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हणते, "आत्ता... आत्ता बघ."

मागच्या महिन्यात तिने असाच एक केदार राग पाठवला, सव्वा मिनिटाचा. मला ते गाणं एवढं लागलं की मी मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं, चांगल्यातलं चांगलं, छान हेडफोनवर, दिवे घालवून ऐकलं. तंबोरे स्वच्छ, सारंगीची घासट ऐकू येत होती, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा. केदारातला तो मध्यम, म्हणजे 'म' हा सूर, यायची जागा जवळ आली तशी मी थोडी पुढे सरकून बसले, आणि तो आला, सुंदर आला, पण त्याच्या आधी कुणी काही बोललंच नाही.

मी हेडफोन काढला आणि तिची व्हॉइस नोट लावली.