पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो: इंडेक्सच्या हिशेबाविषयी

खानापूर तालुक्यातील आमच्या भातशेतीच्या बांधावर मी दर 15 मिनिटांनी पावसाची नोंद करणारा स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला आहे. त्याच्या शेजारीच आप्पांचा जुना पर्जन्यमापक आहे. त्यातील पाणी मोजून ते रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितात. पहिल्या वर्षी माझ्या प्रोग्रामने काढलेली रोजची बेरीज आणि आप्पांची वही यांचा मेळ जून महिन्यात एकही दिवस बसला नाही. महिन्याची एकूण बेरीज मात्र जवळजवळ सारखी होती, तेव्हा दोष यंत्रात नसून माझ्या इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या स्थान-क्रमांकांच्या हिशेबात आहे, हे कळायला वेळ लागला नाही.

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीनुसार पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्याआधीच्या 24 तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. ‘पाऊस कालचा असला तरी माप आजचं,’ असे आप्पा म्हणतात ते याच अर्थाने. मध्यरात्रीपासून मोजलेल्या दिवसात माझ्या 96 नोंदी येतात, 0 ते 95. त्यांत साडेआठला सुरू होणाऱ्या पंधरा मिनिटांचे स्थान 34. म्हणून आजचा पाऊस म्हणजे कालच्या 34 पासून आजच्या 34 पर्यंत, मात्र आजचा 34 सोडून. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत साठवली असेल, तर साडेपाच तासांच्या 22 नोंदी वजा होऊन 34 च्या जागी 12 येतो.

सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, हा नियम मी आता कोठेही मोडत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीमध्ये स्थानावरून तुकडा काढला तर शेवटचे स्थान वगळले जाते, पण वेळेच्या लेबलावरून काढला तर दोन्ही टोके धरली जातात. मी दोन्ही पद्धती मिसळल्या होत्या, त्यामुळे साडेआठची नोंद कधी दोन दिवसांत मोजली जाई.

त्यानंतर मी ओळी मोजणेच सोडून दिले. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली आणि तीन तास नोंद झाली नाही, तर 12 ओळी कमी भरतात आणि पुढचे प्रत्येक स्थान तेवढेच सरकते. आता वेळ दिली की स्थान सांगणारे एक फंक्शन आहे आणि स्थान दिले की वेळ सांगणारे दुसरे. बाकी प्रोग्राममध्ये 96 किंवा 34 हे आकडे कोठेही लिहिलेले नाहीत. (पायथन 3 मध्ये नावे देवनागरीत चालतात, म्हणून या फंक्शनांची नावे ‘स्थान_काढ’ आणि ‘वेळ_काढ’ अशी आहेत, आणि ती वाचताना मला खरोखर आनंद होतो.)

‘स्थान_काढ’च्या पोटात नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचे सर्चसॉर्टेड हे फंक्शन आहे. वेळांच्या चढत्या रांगेत दिलेली वेळ कोठे बसेल, हे ते द्विभाजनाने, म्हणजे रांग दर वेळी अर्धी करत शोधते, त्यामुळे मधल्या ओळी गळाल्या तरी उत्तर चुकत नाही. दिलेल्या वेळेची किंवा तिच्यानंतरची पहिली नोंद हवी असेल तर डावी बाजू, म्हणजे जुळणाऱ्या नोंदीच्या आधीची जागा मागायची. त्या वेळेची किंवा तिच्याआधीची शेवटची नोंद हवी असेल तर उजवी बाजू, म्हणजे जुळणाऱ्या नोंदीनंतरची जागा मागून तीतून एक वजा करायचा. धोका या वजाबाकीत आहे. नोंदी 1 जूनपासून असताना मी मे महिन्यातील वेळ विचारली, की उजवी बाजू 0 देते, वजा एक केल्यावर -1 उरतो, आणि पायथनमध्ये -1 म्हणजे शेवटचा घटक. मेच्या प्रश्नाला सप्टेंबरचा पाऊस उत्तर म्हणून येतो, तोही कोणतीही तक्रार न करता! अशी चूक प्रोग्राम थांबवणाऱ्या चुकीपेक्षा मला फार वाईट वाटते, म्हणून माझे फंक्शन उणे स्थान आले की तेथेच थांबते आणि ‘या वेळेआधी नोंद नाही’ असे स्पष्ट सांगते.

फंक्शने तयार झाल्यावर मी जुलैचे 31 दिवस वहीशी ताडून पाहिले. दोन तारखा सोडून सगळे जुळले. त्यांपैकी पहिल्या तारखेपुढे वहीत काहीच लिहिलेले नव्हते आणि दुसरीपुढचा आकडा माझ्या दोन दिवसांच्या बेरजेएवढा होता. आप्पांना विचारले तेव्हा त्यांनी आठवून सांगितले, की त्या सकाळी ते आषाढीसाठी पंढरपुरात होते.