टवका उडालेली बशी

भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे मला ती बशी सापडली. काठाचा टवका उडालेला, कडेनं निळी रेघ आणि मधोमध 'जी.आय.पी.' ही अक्षरं. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती १९५१ साली मध्य रेल्वेत मिसळली, म्हणजे बशी त्याआधीची. दीडशे सांगितले, नव्वदला दिली. घरी आईनं पिशवीत डोकावून विचारलं, "हाई काय लई उना रे बा? घरमा बश्या नहीत का?"

आहेत की. शिवाय 'उधार बंद'ची पाटी आहे, हॉटेलातले पितळी बिल्ले आहेत. एक पत्र्याचा बोर्ड तर खाली 'जि. पूर्व खानदेश' मिरवतो. १९६० नंतर तो जिल्हाच जळगाव झाला. २००८च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट बंद झाली, तेव्हा हॉटेलांच्या टेबलांवरून उठलेल्या चार राखदाण्याही माझ्याकडे येऊन बसल्यात. मी स्वतः सुपारीचं खांडही खात नाही.

पण जीव चंचीवर. गुंडाळली की मूठभर, उलगडली की हातभर. एका कप्प्यात पानं, एकात कात-सुपारी, तळाशी तंबाखू. ओट्यावर अनोळखी माणसापुढे तिची दोरी सुटली की गाव, सोयरीक, कपाशीचा भाव, सगळंच सुटत जायचं. सोबतच्या डबीत चुना वाळून दगड झालाय. अडकित्त्याची एकच मूठ झिजलीय. चकमकही आहे, गारगोटीसकट. कापसाच्या मुलखात ठिणगी झेलायला मात्र सावरीचा कापूस लागायचा, याची मला अजून गंमत वाटते.

काही हौशी लोक असल्या वस्तू चिंच लावून लखलखीत करतात. मला ते पटत नाही. हाताचा काळपटपणा गेला की उरतं ते नुसतं पितळ, ते तर दुकानातही मिळतं.

गेल्या दिवाळीत मामा आले. सगळी नोकरी रेल्वेत झालेली. बोलता बोलता पाहतो तर आईनं चहा त्याच बशीत दिलेला! माझा श्वास अडकला. मामांनी कप उपडा केला, फुर्रकन घोट घेतला, बशी फिरवून टवक्याची बाजू पलीकडे नेली आणि म्हणाले, "आता इतक्या खोल बश्या कुठं मिळतात? अजून अर्धा कप घाल गं."