भाड्याच्या माशा

"माशा भाड्यानं आणल्यात औंदा." सांगोल्याकडं मामांच्या डाळिंबात आज हे ऐकलं आणि डोक्यातनं जाईना.

हस्त बहार (पावसाळा सरतानाचा फुलोरा) धरलेला, झाडांखाली परागीकरणासाठी मधमाश्यांच्या पेट्या. जमीन इतकी साफ की ठिबकच्या नळ्यांशिवाय काही दिसेना. बांधावर मात्र वाळक्या बाभळीच्या खोडाला करंगळी जाईल एवढं गोल भोक, खाली ताजा भुसा. काळ्या भुंग्याचं घर. मामा म्हणाले, "त्ये खोड काढायचंय, उगं जागा अडवतंय."

हा भुंगाही मधमाशीच्या गोतातली माशीच, आणि परागीकरणासाठी फुकट राबणारी! जगात या गोतातल्या माश्यांच्या २०,००० वर जाती. मध साठवणाऱ्या थोड्याच. बाकी बहुतेक एकेकट्या राहतात, मातीत नाहीतर वाळक्या लाकडात.

इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तोडून तेलाच्या पामची लागवड झाली, तिथंही तेच. ढोलीची जुनी झाडं गेली की डंख नसलेल्या माश्यांनी पोळं करायचं कुठं? ते पामतेल आपल्याच भज्यांच्या कढईत येतं, हा भाग वेगळा.

"मामा, खोड राहू द्या की." "बघू," म्हणाले. मामांचं 'बघू' घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमच्याकडं बांधावर काही शिल्लक ठेवतात, का सगळं तणनाशक मारून साफ?